वेळ काढून वेळणेश्वर

निवांत सुट्टी म्हणजे परदेशातली चैन, असा आपला समज असतो. धाराशिव जिल्ह्यातली माणसं मात्र अशी सुट्टी दरवर्षी घेतात, तीही शेतात बसून. तोच फॉर्म्युला समुद्रकिनारी नेला तर?

सुट्टी कशासाठी घ्यायची? आराम करायला. आणि सुट्टीत आपण करतो काय? पहाटे चारचा अलार्म लावतो!

खोटं वाटतंय? मग ऑफिसमधल्या कुठल्याही कोकण ट्रिपचा प्लॅन उघडून बघा. तीन दिवस, सहा बीच, दोन किल्ले, चार देवळं, एक डॉल्फिन राइड. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिलेली. जेवणाला चाळीस मिनिटं, सूर्यास्ताला वीस. हा प्लॅन एक्सेलमध्ये बसवणारा एक उत्साही प्राणी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. शुक्रवारी रात्री गाडी निघते, रविवारी मध्यरात्री परत येते आणि सोमवारी सकाळी लॉगिन करताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो: या सुट्टीचा थकवा घालवायला आता एक सुट्टी पाहिजे बॉस!

माझी कॉलेजमधली एक मैत्रीण मेलबर्नला असते. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. दर जानेवारीत ती, तिचा नवरा आणि मुलगी ‘ग्रेट ओशन रोड’वरच्या एका छोट्या गावात आठवडाभर घर भाड्याने घेतात. हा रस्ता पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात समुद्राच्या कडेकडेने बांधला. तो बघायला जगभरातून लोक येतात आणि एका दिवसात बघून जातातही. ही मंडळी मात्र एकाच गावात बसून असतात. दरवर्षी तेच गाव. मी विचारलं, ‘‘आज काय केलं?’’ उत्तर आलं, ‘‘काही नाही.’’ दुसऱ्या दिवशी विचारलं. ‘‘कालचंच.’’

मला आधी हसू आलं. मग हेवा वाटला. तिथल्या कायद्यानुसार पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, हा एक भाग झाला. पण खरा फरक रजेचा नाही. ‘काही केलं नाही’ हे ती किती बिनधास्त सांगते! आपल्याला ते सांगताना लाज वाटते. काही नाही तर निदान एखादा किल्ला तरी बघून यायला हवा ना!

असं ‘काही न करायला’ आई-अण्णांना एखाद्या समुद्राकाठच्या गावी न्यायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. आणि खरी गंमत पुढेच सुरू झाली.

तिथं देव कंचा हाय?

मी राहते पुण्यात, पण घर धाराशिव तालुक्यातल्या एका गावात. २०२३ साली उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं, आमच्या आजीच्या तोंडी ते आधीपासूनच होतं. इथून समुद्र म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास. पाणी बघायचं तर आम्ही पावसाळ्यात नळदुर्गला जातो. बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला पाणीमहाल आहे, आणि वरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. नदीला पाणी असेल तरच, हे सांगायला नको.

आमच्याकडे घर सोडून बाहेर पडायला कारण लागतं. अशी कारणं तीन: देव, लग्न आणि दवाखाना. आईने पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, तिरुपती असं सगळं केलंय. तुळजापूर तर घरचंच. त्यामुळे फोनवर ‘समुद्रावर जाऊ’ म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, ‘‘तिथं देव कंचा हाय?’’

अण्णांचा प्रश्न त्याहून भारी. ‘‘बघितलाय की म्या समुद्र मुंबईत. खारं पाणी. प्यायला येत नाही, रानाला देता येत नाही. बघायचं काय त्यात?’’

मुंबईचा तो समुद्र त्यांनी दवाखान्याच्या फेरीत, गिरगाव चौपाटीवर, टॅक्सी थांबवून बघितला होता. वीस मिनिटं.

गंमत म्हणजे आमच्या भागाचं समुद्राशी नातं दोन हजार वर्षांचं आहे. आमच्या तालुक्यातलं तेर तुम्हाला संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत असेल. हेच जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. त्यात तगरचं नाव मोठं शहर म्हणून येतं. इथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जायचं आणि तिथून जहाजांवर चढायचं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात या व्यापाराच्या खुणा बघायला मिळतात. तेरला एक हस्तिदंती बाहुलीही सापडली. तिचं साम्य इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी सांगतात. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे आमच्याकडचा माल तेव्हा समुद्र ओलांडत होता. अण्णा मात्र कराडच्या पलीकडे गेलेले नव्हते!

येळवस: आमची ओरिजिनल बीच हॉलिडे

तर या माणसांना निवांत सुट्टीची आयडिया पटवायची कशी? उत्तर घरातच होतं. येळवस.

लातूर-धाराशिवकडचे वाचक आता गालात हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. कर्नाटकाच्या सीमेकडून आलेला हा सण आमच्या भागात दिवाळीइतका मोठा. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. दुकानं बंद, रस्ते सामसूम, सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्याला शेजारी आग्रहाने नेतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, त्यात पाच पांडव म्हणून दगड मांडून पूजा करायची, आणि मग जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि माठातली गार अंबिल. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे हं! हिरवा हरभरा, तुरीचे, वालाचे दाणे, पालेभाज्या असं सगळं रान एका पातेल्यात शिजवलेलं असतं.

आणि जेवल्यावर? काही नाही. झाडाखाली आडवं व्हायचं. पोरांनी झोके घ्यायचे. कुणी पत्ते काढतं, कुणी घोरतं. ज्वारी कंबरेला लागलेली, वारा गार, अंबिलीची गुंगी. कुठला पॉइंट बघायचा नाही, कुठे पोहोचायचं नाही.

मेलबर्नच्या मैत्रिणीची सुट्टी हीच तर आहे! एक जागा, आपली माणसं, पोटभर जेवण आणि बाकी वेळ मोकळा. आमच्याकडे समुद्राच्या जागी ज्वारी असते, एवढाच काय तो फरक. मी अण्णांना म्हटलं, ‘‘समुद्राकाठी येळवस करायला जायचंय. तीन दिवसांची.’’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मग असं आधी सांगायचं की.’’

पण हे सुचल्यावर आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि ती जाईना. येळवशीला सगळे आराम करतात. आई सोडून. त्या रात्री ती झोपतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन वाजता चूल पेटते. उंडे थापायचे, भज्जी ढवळायची, खीर लागू द्यायची नाही. सकाळी सगळं टोपल्यात भरून डोक्यावर घ्यायचं, शेतात वाढायचं, उरलेलं आवरून संध्याकाळी घरी येऊन भांडी घासायची. झाडाखाली आडव्या झालेल्या माणसांत ती मला कधी दिसलेली नाही.

म्हणून आमच्या प्लॅनमध्ये एक अट सगळ्यात वर लिहिली: स्वयंपाक दुसरं कुणीतरी करणार. बीच कुठला, हॉटेल कुठलं, हे सगळं त्यानंतर.

तारीख ठरवते तिथी

निवांत सुट्टीचं प्लॅनिंग नेहमीपेक्षा उलटं असतं. काय काय करायचं हे लिहायचं नसतं, काय काय खोडायचं ते ठरवायचं असतं. आधी तारीख.

शेतकऱ्याच्या घरातून चार दिवस काढणं म्हणजे बॉसकडून रजा मिळवण्यापेक्षा अवघड. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, लगेच ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. फेब्रुवारीपासून पुन्हा काढणी. उरतो तो डिसेंबर-जानेवारी, आणि येळवस झाल्याशिवाय कुणी गाव सोडणार नाही. २०२४ ची येळवस ३० डिसेंबरला होती. म्हणजे ख्रिसमस आणि थर्टी फर्स्टची कोकणातली तोबा गर्दी आपोआप टळली.

पण त्यानंतर नेमकं कधी? इथे आई कामाला आली. कोकणातल्या जुन्या लोकांचा भरतीचा एक साधा हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी. पहिल्यांदा समुद्रात पाय टाकणाऱ्यांना याहून सोयीचे दिवस नाहीत.

हे सांगितल्यावर आईने कॅलेंडर न बघता सांगितलं, ‘‘मंगळवारी अष्टमी हाय. शुक्रवारी एकादशी, तवा घरी पायजे.’’ झालं! ५ जानेवारीला रविवारी निघायचं, शुक्रवारी परत. रविवारी आम्ही समुद्राकडे निघालो तेव्हा विकएंडवाले तिथून परतत होते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत किनारा रिकामा असतो आणि राहायची जागाही सहज मिळते. फ्रीलान्सरला रजा मागावी लागत नाही, पण रजेचा पगारही नसतो, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी महत्त्वाचा. भावाने आयटीतल्या नोकरीतून पाच दिवस मिळवले. दोन म्हशी चुलत्यांकडे सोपवल्या. हरभऱ्याला रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायचं काम शेजाऱ्याने घेतलं, बदल्यात पुढच्या आठवड्यात त्याचं आम्ही.

जागा निवडताना तीनच प्रश्न

कोकणात गावं शेकडो. आम्ही तीन प्रश्न विचारले. घरापासून वाळूपर्यंत चालत जाता येतं का? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ नको. घरगुती जेवण तिथेच मिळतं का? आणि संध्याकाळी दिवा लावायला जवळ देऊळ आहे का?

तिन्हींना ‘हो’ म्हणणारं गाव निघालं वेळणेश्वर. गुहागर तालुक्यातलं. चंद्रकोरीसारखा किनारा, काठाला नारळाची दाटी, आणि किनाऱ्यालगतच वेळणेश्वर महादेवाचं देऊळ. नावातच वेळ! संस्कृतात ‘वेला’ म्हणजे किनारा, भरती आणि वेळ, तिन्ही. आमच्या वेळ अमावास्येचा आणि या गावाच्या नावाचा संबंध जोडायचा मोह झाला, पण तो विद्वानांसाठी सोडून देऊ. आईला तिचा देव मिळाला, एवढं पुरे.

रस्ता धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, विटा, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. कराडपासून पुढे तुम्ही जुन्या गुहागर-विजापूर रस्त्यावर असता. नकाशात बघा, हा रस्ता दुष्काळी पट्ट्यातून निघून थेट समुद्रात उतरतो. एका दिवसात पोहोचता येतं, पण आम्ही दोन दिवस घेतले. पहिल्या दिवशी पंढरपूरचं दर्शन आणि कराडला मुक्काम. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसलो, सुट्टी तिथेच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी कोयनेजवळ अण्णांनी गाडी थांबवायला लावली. धरणाचं पाणी वीज तयार झाल्यावर जातं कुठे, हा त्यांचा प्रश्न. कोयनेचं हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं, त्यावर वीज तयार होते आणि मग ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळतं. हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्याकडे वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. रत्नागिरी जिल्ह्यात ३,००० मिलिमीटरच्या वर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे आमच्याच स्टेशनवरून. कृष्णेचं पाणी मराठवाड्यात आणायच्या योजनेबद्दल अण्णा माझ्या लहानपणापासून बोलतायत. घाट उतरताना एवढंच म्हणाले, ‘‘इथं ठेवायला जागा नाही, आन् तिकडं भरायला पाणी नाही.’’

आई काय करत होती?

उतरलो एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात वाळत घातलेली सुपारी. मालकीण काकू पन्नाशीच्या.

पहिल्या दिवशी आई पहाटे पाचला उठली, अंघोळ केली आणि थेट स्वयंपाकघरात. काकूंनी हसत हसत बाहेर काढलं. ‘‘ताई, तुम्ही बसा हो. चहा आणते.’’ आई अंगणात बसली. हातात आयता चहाचा कप आणि चेहऱ्यावर संकोच. दहा मिनिटांनी मला म्हणाली, ‘‘बाई, त्यांना इच्यार, निवडायला काही हाय का.’’

काकू शहाण्या. त्यांनी सुपारी सोलायला दिली. दोघी तासभर बोलत बसल्या. काकू म्हणाल्या, आमची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी, तिच्या दर्शनाला जाताना तुळजापूरही करतो, तुमच्याच भागातून येणं होतं. कोकणातल्या अनेक घरांची कुलदेवी अशी मराठवाड्यात बसलेली आहे. इकडून तिकडे माणसं जातच होती. तिकडून इकडे येणारे आम्ही नवीन.

जेवणात आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी, एकदा उकडीचे मोदक. अण्णांना आमटीतला गूळ काही झेपला नाही. आईने आणलेली शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या जेवणाला बाहेर आली आणि तिसऱ्या जेवणाला काकूंच्या ताटातही गेली. धपाटे पहिल्याच दिवशी संपले.

बाकी कार्यक्रम? सकाळी वाळूवर चालणं. दुपारी ओहोटीला ओल्या वाळूवर खेकड्यांच्या बिळांभोवतीची नक्षी बघणं. झोप. सहाला भरती आणि सूर्यास्त एकदमच. मग देवळात दिवा. तीन दिवसांत एकच बाहेरची फेरी केली, जवळच्या हेदवीला. तिथला दशभुज गणपती आणि खडकातली बामणघळ. या अरुंद घळीत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं. त्यासाठीही घाई केली नाही. भरती सहाला, तर आम्ही पाचला निघालो.

अण्णांना भरती-ओहोटीचं वेड लागलं. वाळूत काठी रोवून पाणी कुठवर येतं ते बघायचे. दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास उशिरा आली, तेही त्यांनी टिपलं. तिसऱ्या संध्याकाळी काठीजवळ बसून म्हणाले, ‘‘दिवसातून दोनदा येतं, आन् सांगून येतं. असा पाऊस असता तर कर्ज काढावं लागलं नसतं.’’ खारं पाणी, रानाला देता येत नाही, हे वाक्य त्यानंतर मी ऐकलेलं नाही.

आणि आई? बुधवारी सकाळी मला जाग आली तेव्हा साडेसात वाजले होते. ती शेजारी झोपलेली होती. अठ्ठावीस वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या आधी उठले. भावाला खूण करून बाहेर बोलावलं, दार हळूच ओढून घेतलं. काकूंना सांगितलं, चहाची घाई नाही. त्या दिवशी आमच्या ट्रिपमध्ये बघण्यासारखं जे काही होतं ते मी बघून घेतलं.

अर्थात कुणी तरी चूल पेटवतच असतं. आईची सुट्टी झाली कारण काकू पाचला उठत होत्या. त्यांचा तो व्यवसाय आहे आणि त्याचे पैसे त्या घेतात, हे योग्यच. म्हणून घरगुती मुक्कामात भाव करताना जरा सांभाळून. निघताना आईने त्यांना पुढच्या येळवशीला यायचं आमंत्रण दिलं. आणि मला गाडीत म्हणाली, ‘‘त्या आल्या तर त्यांना कशालाच हात लावू द्यायचा नाही.’’ मग थोडं थांबून, ‘‘आन् भाकऱ्या तू आन् तुझा भाऊ थापायच्या.’’

हे वाक्य मी तरी सुट्टीचं खरं फलित मानते. आराम एकदा घेतलेल्या माणसाला तो पुन्हा मागता येतो.

तुमचाही प्लॅन होऊ शकतो

कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. लांबचे विकएंड आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. रविवारी निघून गुरुवारी परता. तिथी बघा: अष्टमीच्या आसपास समुद्र शांत, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पावसाळ्यात पाण्यात उतरणं नकोच.

कसं जाल? स्वतःची गाडी असेल तर कराड-चिपळूण रस्ता. वाटेत मुक्काम करा, कुंभार्ली घाट दिवसाउजेडी उतरा. रेल्वेने जायचं तर लातूर-मुंबई एक्स्प्रेसने ठाण्याला उतरून कोकण रेल्वेने चिपळूण गाठता येतं. पुढे चिपळूण-गुहागर एसटी आहे.

कुठे राहाल? वेळणेश्वरला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, शिवाय घरगुती मुक्कामही मिळतात. फोनवर आधीच विचारा: वाळूपर्यंत किती चालावं लागतं, जेवण घरचं आहे का, खोली तळमजल्यावर आहे का.

पाण्यात उतरताना ओहोटी लागल्यावर पाणी आत ओढतं, त्यामुळे पोहण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. आणि गाडी वाळूवर नेऊ नका. या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आम्ही परतलो त्याच महिन्याच्या शेवटी, जानेवारी २०२५ मध्ये, गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी आली. तिला टॅग लावला होता २०२१ मध्ये, ओडिशाच्या किनाऱ्यावर. दोन्ही किनाऱ्यांमध्ये समुद्रमार्गे सुमारे ३,५०० किलोमीटर. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला निवांत जागा मिळायला नको?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिवसाला एकच पॉइंट, तोही जमला तर. एक्सेल बंद करा. बरोबर आई असेल, तर तिच्या अलार्मचं बटण आधी बंद करा.